एकल अल्बम: गाणारी एक, वाजवणारे तीन गावांत. सुरुवात कुठून करायची?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. आठ गाण्यांचा एकल अल्बम ठरलाय. पाच अभंग, दोन भावगीतं, एक कन्नड वचन (शरण संतांचं पद). गायिका बेळगावच्या वडगावात, पट्टी काळी ४ (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा सा). तबला मिरजेत, पेटी बेळगावातच शहापुरात, बासरी धारवाडला, मिक्सिंग कोल्हापुरात. सगळे एका दिवशी एका जागी बसणं अशक्य, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या जागी वाजवून फाईल पाठवायची असं ठरलंय. सामान: दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माईक, एक डायनॅमिक, लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). प्रश्न तीन. आधी काय रेकॉर्ड करायचं? क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) लावायचा का? आणि वडगावात गल्लीभर यंत्रमाग चालू असतात, त्याचं काय?

फेडर_वर
ताई, या तिन्हीच्या आधीचा प्रश्न राहिलाच. सूर कुणाचा धरणार? चार गावांत चार जण चार ॲपवर काळी ४ लावून बसले तर प्रत्येकाची काळी ४ बरोबरच असते, फक्त एकमेकांशी जुळत नाही. तबला हातोडीनं वरखाली होतो, तंबोरा खुंटीनं होतो, गळा तर होतोच. पेटी होत नाही. म्हणून पेटीचा सूर मोजायचा आणि बाकी सगळ्यांनी तो घ्यायचा. पेटीवाल्यांनी पुढे सांगावं.

भाता_धरा
ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी पेटी शिकवली तिथं हे सांगायला लागू नये, पण सांगतो. ४४० ला लावलेल्या (पांढरी ६ चा सूर ४४० हर्ट्झ) पेटीत काळी ४ म्हणजे २०७.७ हर्ट्झ, वरच्या सप्तकात ४१५.३. आपल्याकडच्या जुन्या पेट्या ४४० ला असतीलच असं नाही. ४४५ ची पेटी असली तर फरक जवळजवळ २० सेंटचा (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात), आणि तो शेजारच्या पोरालाही कळतो.

मोजायचं असं. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकाची पट्टी दाबणारी सोय) बंद. सुरांची एकच ओळ उघडी, बाकीचे स्टॉप (पुढच्या खुंट्या) आत. भाता मध्यम, सारखा. दहा सेकंद सूर धरून ट्यूनर बघा. भाता जोरात मारला की सूर किंचित उतरतो, म्हणून गाण्यात जेवढा दाब असतो तेवढाच मोजताना ठेवा. सा, म, प आणि वरचा सा असे चार आकडे लिहून घ्या. चारही साधारण सारखेच पुढेमागे असतील तर तो आकडा (समजा +१२ सेंट) सगळ्यांना कळवायचा. एखादाच सूर वेगळा निघाला तर आधी तो लावून घ्या. पितळी पट्टी टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. हे काम जाणत्या हातातच द्या, खरवडलेलं पितळ परत चिकटत नाही.

रेकॉर्डिंगला दोन ओळी एकदम उघडू नका. एक ४४० ला आणि दुसरी ४४२ ला असली तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. देवळात ते भरदार वाटतं, माईकपुढे थरथर वाटते.

पाऊलवाट
पेटी समान अंतराची आणि गळा तंबोऱ्यावरचा, मग गंधार भांडणार नाही का?

भाता_धरा
भांडतोच. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. उपाय साधा: गळा गंधारावर ठेहरतो तिथं पेटीनं षड्ज-पंचम धरायचा, गंधार दाबायचा नाही. पेटीवाल्याला आधीच सांगा. मिक्समध्ये ते काढता येत नाही.

फेडर_वर
तंबोरा ॲपचा चालतो, सेंटचा आकडा टाकता येतो हा त्याचा मोठा गुण. पण तबला मिरजेतच होणार आहे. तंतुवाद्यांचं गाव ते, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिथंच बायकी तंबोरा लावून दहा मिनिटं घेऊन ठेवा. जवारीचा (तारेखाली गुंजन आणणारा) दोरा बसवल्यावर पाच मिनिटं थांबा, तारा ताणून स्थिरावल्या की पुन्हा लावा, मगच रेकॉर्ड दाबा. पंचमाचा एक आणि मध्यमाचा एक असे दोन वेगळे घ्या, पंचम नसलेला राग निघाला तर उपयोगी. मिक्समध्ये एक टेक डावीकडे आणि त्याच सुरात लावलेला दुसरा टेक उजवीकडे. तोच टेक दोन्हीकडे ठेवला तर तो मधोमध गळ्यावरच येऊन बसतो.

चाटीवाला
आता लय. 'लय ९६' असं लिहून पाठवू नका. केरव्याला (आठ मात्रांचा ताल) एक जण ९६ मोजतो, दुसरा त्यालाच १९२ म्हणतो, तिसरा ४८. आवर्तनाचे सेकंद लिहा. आठ मात्रा, मिनिटाला ९६, म्हणजे एक आवर्तन ५ सेकंद. यात वाद घालायला जागा नाही, मोबाईलच्या घड्याळावर कुणीही तपासतो. ५ मिनिटांचं गाणं म्हणजे ६० आवर्तनं, वाद्यांच्या जागाही आवर्तनात लिहिता येतात.

क्लिकबद्दल: टिक-टिक नको. ठेक्याचा साधा तुकडा लूप करा, समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) जरा वजन. टिकटिकीवर वाजवताना तबलजी प्रत्येक मात्रेवर चिकटून वाजवतो आणि भजनी ठेक्याचा झोल (डोलणारी चाल) मरतो.

निपाणीकर
अभंगाला ठरावीक लय लावणं हेच चूक हो. शेवटच्या गजराला लय चढायलाच पाहिजे. तुम्ही ती बांधून ठेवणार, आणि ऐकणारा म्हणणार की काहीतरी कमी आहे. माझं मत: पाचही अभंग गळा आणि तबला एकत्र, समोरासमोर घ्या. बाकी काय ते नंतर चढवा.

चाटीवाला
निपाणीकर, लय चढवता येते की. रीपरमध्ये लयीचा नकाशा काढतात. ध्रुवपद आणि चरण ९६, गजर १०४. १०४ ला आवर्तन ४.६ सेकंद होतं. एकदम उडी नको, चार आवर्तनांत दोन-दोननं चढवा. तो नकाशा आधी गायिकेच्या कच्च्या गाण्यावरून काढायचा: तिनं तंबोऱ्यावर मोकळं गायचं, हातानं ताल द्यायचा, तिची लय कुठं चढते ते मोजायचं आणि तीच नकाशात भरायची.

तरी तुमचं निम्मं खरं आहे. ताना, बोल-उपज (गाताना सुचतील तसे शब्द फिरवणं) असलेला अभंग तुकड्यांत घेतला तर तबलजी समेवर येतो, पण गाण्याला येत नाही. पाचातले असे एक-दोन असतील ते मिरजेतच दोन खोल्यांत, मध्ये काच किंवा दार ठेवून, एकत्र घ्या. बाकीचे थरांनी होतात.

फेडर_वर
मान्य. मग क्रम असा बसतो. प्रत्येक गाण्याचा कच्चा सांगाडा (तंबोरा, ठेक्याचा लूप, पेटीचे मोजके सूर, गायिकेचा साधा आवाज). तो सगळ्यांना जातो. त्यावर तबला. तबला आला की लूप काढून टाकायचा, पुढचे सगळे खऱ्या तबल्यावर वाजवणार. मग पेटी, मग बासरी. मग गायिकेचं खरं गाणं. टाळ आणि कोरस सगळ्यात शेवटी. कच्चा आवाज कच्चा आहे म्हणून कसाबसा गाऊ नका. तबलजी जागा त्याच्यावरूनच ठरवतो.

आता फायली, कारण निम्मा उशीर इथं होतो. सगळ्यांनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. कुणी ४४.१ वर घेतलं आणि सॉफ्टवेअरनं रूपांतर न करताच ते ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजलं, तर गाणं सुमारे ९ टक्के जलद होतं. काळी ४ उठून पांढरी ६ आणि काळी ५ च्या मध्ये जाऊन बसते, ४:४० चं गाणं ४:१७ ला संपतं. असं कानावर आलं तर बासरीवाल्याला बेसूर म्हणू नका, आधी आकडा बघा.

सांगाडा एमपी३ करून पाठवू नका. एमपी३ होताना सुरुवातीला पंचवीस मिलिसेकंद किंवा जास्त रिकामी जागा घुसते. धारवाडकर त्यावर बरोबर वाजवतात, इथं ते मूळ वेव्हशेजारी ठेवलं की सगळी बासरी मागं पडते. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून पाठवलं की दबून जातं. एका माईकचा ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी होतो. १२ ट्रॅकचं साडेचार मिनिटांचं गाणं म्हणजे साधारण ४७० एमबी, ड्राइव्हवर टाका.

आणि प्रत्येकाची फाईल शून्यापासून सुरू झाली पाहिजे. बासरी दोन मिनिटांनी येत असली तरी आधीची दोन मिनिटं शांतता असलेलीच फाईल पाठवायची. 'इथून सुरू होते' असं फोनवर सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

खानापुरी_धुकं
तबला हँडी रेकॉर्डरवर वेगळा घेतला तर चालेल का? मिरजेच्या खोलीत इंटरफेस नसला तर?

फेडर_वर
चालेल, पण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला तर मिनिटाला ३ मिलिसेकंद सरकतं, सहा मिनिटांत १८. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी रेकॉर्ड करा, शेवटची टाळी जुळेपर्यंत फाईल ताणायची.

इंटरफेस असला तरी एक तपासणी कराच. आउटपुटची वायर इनपुटला लावा, लॅपटॉपवरूनच एक टिचकी वाजवून रेकॉर्ड करा. टिचकी जिथं होती तिथंच उमटली पाहिजे. ८-१० मिलिसेकंद मागं उमटली तर ड्रायव्हर खोटा आकडा सांगतोय, सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती टाका. नाहीतर आठही गाण्यांचा तबला 'ढिला' वाटेल आणि दोष तबलजीला लागेल.

चाटीवाला
ढिला शब्द मनाला लागला. 🙂

तबल्याला दोन माईक: एक चाटीकडे शाईपासून वीतभर वर, एक डग्ग्यावर. मग दोन्ही मोनो (एकाच वाहिनीत एकत्र) करून ऐका. डग्ग्याचा घुमारा पातळ झाला तर एका माईकचा फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटा करा. जास्त भरदार वाटेल ती बाजू ठेवा. दर दोन टेकनंतर सूर तपासा. पावसाळी दमट हवेत पुडी सैल पडते, सूर उतरतो. कोरड्या हवेत उलटं. ज्या टेकमध्ये ५-७ सेंटचा फरक दिसतो तो ठेवू नका, कारण त्या गाण्याचे तुकडे जोडताना एका ओळीत दोन तबले ऐकू येतात. पखवाज असला तर धुमेची (डाव्या तोंडाची) कणीक प्रत्येक गाण्याला ताजी करा, वाळली की घुमारा जातो.

पाऊलवाट
आणि वडगावचं काय करू? मागाचा आवाज भिंतीतून येतो.

खानापुरी_धुकं
भिंतीतून येणारी घरघर वेगळी, धोट्याची खटखट वेगळी. घरघर खालच्या पट्टीत असते, गळ्यावर ८० ते १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला की बरीचशी जाते, काळी ४ च्या बाईच्या आवाजाचं त्यात काही जात नाही. खटखट मात्र गळ्याच्याच पट्टीत येते, ती कोणत्याही प्लगइननं नीट निघत नाही. माग बंद असण्याची वेळ गल्लीत विचारून तीच धरा.

खोलीत फोम चिकटवायला जाऊ नका. दोन वाकळा आणि एक घोंगडं पुरतं. वाकळ गायिकेच्या पाठीमागं टांगायची, माईकच्या मागं नाही. कार्डिऑइड माईकला मागून कमी ऐकू येतं, पुढून सगळं येतं, म्हणजे गायिकेच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो पकडतो. भिंतीपासून वाकळ वीतभर पुढं ठेवली तर जास्त काम करते. कोपऱ्यात उभं राहू नका, खालचे सूर फुगतात. वर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर विसरा. खानापूरकडं तर कौलाखालीही विसरा.

रात्री घेणार असाल तर रातकिडे लक्षात ठेवा. ४-५ किलोहर्ट्झच्या आसपास एकसारखी शिट्टी असते, गाताना कळत नाही, नंतर हेडफोनवर कळते. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर. दोन पिनच्या चार्जरनं ५० हर्ट्झची घुंई येते. प्रत्येक बैठकीत ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाजही घेऊन ठेवा.

निपाणीकर
आमच्याकडं चिकोडी-निपाणी पट्ट्यात ऊस चालू झाला की विसराच. ट्रॅक्टर मागे दोन ट्रॉल्या आणि पुढे भोंगे लावून जातात, गाणं तुमच्या गाण्यापेक्षा जोरात. बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे फाटकाजवळ घेणाऱ्यांनी गाडीचं वेळापत्रक भिंतीला लावावं.

खरी अडचण वादकांच्या तारखांची असते. आषाढी ते नवरात्र तबलजी सापडत नाही, कार्तिक लागला की काकडा, मग लग्नं. पौषात लग्नं नसतात. तो महिना तबला-पेटीला धरा, बासरी आणि गाणं त्यापुढं.

फेडर_वर
पौषानंतरही धारवाडला पहाटे गारवा असतो, बासरीवाल्यांना सांगा: हवा एक अंश गार झाली की बासरी सुमारे ३ सेंट उतरते. फुंकेची ऊब असल्यानं प्रत्यक्षात जरा कमी. दहा मिनिटं फुंकून गरम करा, मगच पेटीच्या सुरावर तपासा.

गाण्याचं थोडक्यात: माईकपासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. माईक जरा वर आणि तोंडाकडे कललेला. सर्वात जोरकस जागेला मीटर उणे १२ ते उणे १० डीबी दाखवेल एवढाच गेन. २४ बिटमध्ये कमी पातळीला काही बिघडत नाही, लाल लागली की बिघडतं. हेडफोन बंद कानाचा. एक कान उघडा ठेवून गायची सवय असेल तर त्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करा, नाहीतर ठेका माईकमध्ये शिरतो आणि नंतर तबला बदलला की दोन तबले ऐकू येतात. एका गाण्याचे चार पूर्ण टेक, त्यातून ओळ-ओळ निवड. सहाव्या टेकनंतर गळा सुधारत नाही, फक्त सावध होतो.

निवड त्याच दिवशी करू नका. तीन दिवस जाऊ द्या.

दोन्ही_भाषा
वचनाबद्दल कुणी बोललं नाही. गायिकेला देवनागरीत लिहून देणार असाल तर थांबा. कन्नडमध्ये ए आणि ओ दोन-दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. आपल्या लिपीत आपण एकच लिहितो. 'कोडु' ऱ्हस्व म्हटलं तर 'दे', दीर्घ म्हटलं तर 'शिंग'. सुरावर ताणताना ऱ्हस्व अक्षर लांबलं की अर्थ सरकतो, आणि धारवाडचे बासरीवाले हसतील. दीर्घ अक्षराखाली रेघ मारा, चालीत न्यास (ठेहराव) त्याच अक्षरावर येतोय का ते बघा.

कोरसला कन्नड भाषिक मुली घेतल्या तर उलटं होतं. 'चांदणं' मधला च त्या 'चंद्र' मधल्यासारखा म्हणतात. एका अक्का-मावशीला हेडफोन लावून फक्त उच्चार ऐकायला बसवा, सूर नाही.

कागदपत्र
हक्क. संतांचे शब्द आणि बाराव्या शतकातली वचनं मोकळी आहेत. चाल मोकळी असेलच असं नाही. रेडिओवरून सगळ्यांच्या तोंडी बसलेली अभंगाची चाल कुणातरी संगीतकाराची असते. भावगीतात कवी आणि संगीतकार दोघंही बघा: हयातभर, आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९५७ च्या कायद्यातलं कलम ३१सी दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाण्याची वाट देतं, पण पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं झालेली हवीत, आधी नोटीस हवी, आणि मानधन दर वर्षाला किमान ५० हजार प्रतींचं. घरगुती अल्बमला ते परवडत नाही, सरळ लेखी परवानगी मागा किंवा चाल नवी बांधा.

प्रत्येक वादकाकडून एक कागद: कोणतं गाणं, किती मानधन, कुठं वापरणार, नाव कसं छापायचं. हे रेकॉर्डिंगच्या आधी. नंतर सगळे गोड असतात, पण सापडत नाहीत.

फेडर_वर
दुरुस्तीच्या फेऱ्या तीन. त्यापुढं गाणं बदलतं, सुधारत नाही. 'बासरी जरा गोड करा' असं लिहू नका. '१:५० ते २:१० बासरी २ डीबी खाली' असं लिहा. सगळ्यांच्या सूचना एका माणसाकडे, त्यानं गाळून कोल्हापूरला पाठवायच्या. पाच जण थेट मिक्सवाल्याला फोन करायला लागले की तो फोन बंद करतो, आणि बरोबर करतो. शेवटी उणे १४ लफ्सच्या (गाण्याच्या एकूण जोराचं माप) आसपास आणि माथा (सर्वात उंच टोक) उणे १ डीबी, त्याहून जोरात केलं तरी गाणी ऐकवणारं ॲप खालीच आणतं.

पाऊलवाट
पेटी मोजून घेतली, +१२ सेंट निघाली, म्हणजे ४४३. गाणं ३ चा कागद करून बघितला:

काळी ४, +१२ सेंट. भजनी ठेका, आवर्तन ५ सेकंद, गजराला ४.६. रिकामी २ आवर्तनं, पेटी ४, ध्रुवपद ६, पहिला चरण ८, ध्रुवपद २, बासरी ४ (१:५० ला), दुसरा चरण ८, ध्रुवपद २, तिसरा चरण ८, गजर १२ (३:४० ला). एकूण ५६ आवर्तनं, ४ मिनिटं ३५ सेकंद.

चाटीवाला
तिसऱ्या चरणानंतरचं ध्रुवपद विसरलात ताई. चरणावरून थेट गजर उचलला तर कोरसला उठायला जागाच नाही. २ आवर्तनं वाढवा. गजर ३:५० ला, एकूण ५८, म्हणजे ४:४५. बासरीची जागा तीच राहते. दुरुस्त करून आज रात्री मिरजेला पाठवा.